चांदणीवरची नात

रंगूबाईच्या घरात चांदणी म्हटलं की आभाळाकडे कोणी बघत नसे. चांदणी म्हणजे पेटीतली वाकळ. रंगूबाईच्या पणजीनं लुगड्यांचे आणि खणांचे तिकोनी तुकडे जोडून मधोमध आठ टोकांची चांदणी शिवली, तेव्हापासून ती आईकडून लेकीकडे येत राहिली. घरातलं मूल बारशाला आधी त्या चांदणीवर ठेवायचं, मग पाळण्यात. एरवी तिला कोणी हात लावायचा नाही. नवरा इंद्रभान चिडवायचा, "वाकय हाये का देवी?" रंगूबाई कसली गप्प बसते. "तुमच्या घरची असती तं कवाच पोतेरं झाली असती," म्हणायची.

यंदा पुसाच्या थंडीत हरभऱ्याला पाणी देऊन इंद्रभान आला तो कुडकुडतच. दोन ब्लँकेटं घातली तरी थंडी हटेना. धाकटा दीर रामधन शेलूबाजारहून जीप आणायला धावला.

"रंगू, ते चांदणी टाक व," इंद्रभान म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं ती पहिल्यांदाच मागितली. रंगूबाईनं ब्लँकेटं काढून चांदणी अंगालगत घातली आणि तळपाय चोळत बसली. थोड्या वेळानं त्याचे दात वाजायचे थांबले. तिला वाटलं, ऊब लागली. ऊब कसली, माणूस गेला होता.

जीव जाताना अंगावर जे पांघरूण असेल ते मसणात टाकून यायचं, ही त्यांच्याकडची रीत. एकुलती एक लेक तनुजा सातव्या महिन्यात होती. रंगूबाईनं हंबरडा फोडायच्या आधी चांदणी ओढली, घडी घातली, पेटीत ठेवली आणि नवऱ्यावर ब्लँकेट टाकलं. मग रडली.

"वयनी, आंगावर हेच व्हतं ना?" जीप घेऊन आलेल्या रामधननं विचारलं.

"हेच," ती म्हणाली. ब्लँकेट मसणात गेलं.

तेव्हा वाटलं, चांदणी वाचली बाई. पण पुढं तिचा जीव टांगणीला लागला. रीत खोटी म्हणायची तिची छाती नव्हती. खरी म्हणावी तर मढ्यावरची वाकळ नातवंडाखाली कशी घालायची? आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? नवरा गार पडत होता आणि हिला वाकळ सुचली, असं लेकच म्हणेल. एकदा चुलीपाशी नेली, पण उसवल्या जागी आईनं घातलेले टाके दिसले आणि हात चालेना. तशीच परत पेटीत ठेवली.

चैत्रात तनुजाला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी रंगूबाई म्हणाली, "चांदणी उंदरानं कुरतडली वं. नवं दुपटं घे."

"कुठं कुरतडली? म्या कालच काढून उन्हात टाकली," तनुजा हसली. तिनं वाकळ बायांच्या मधोमध अंथरली. "ये माय, तुह्याच हातानं ठेव."

"मी रांडव बाई. तुह्या आतेले सांग."

"असं काहून बोलतं?" तनुजाचे डोळे भरून आले. "बाबा असते तं त्याइनं तुलेच सांगतलं असतं. मी दुसऱ्या कोणाले ठेवू देणार नाही."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. लेक शहाणी निघाली म्हणून कौतुक झालं. रंगूबाईला आता पळायला वाट उरली नव्हती. तिनं रडती पोर उचलली आणि चांदणीवर ठेवली. पोर रडायची थांबली. डोळे मिटले.

"पाह्य, कशी लगेच निजली," नणंद म्हणाली.

बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. रंगूबाई टोपडं नीट करायच्या मिषानं वाकली आणि नातीच्या नाकाशी बोट धरून बसली.