अमलालचा मालक

चौथ्यांदा तो पांढरा कुत्रा, अमलाल, माझ्या दारात येऊन बसला, तेव्हा मी कपाळावर हात मारला. ज्याला तो दिला होता त्या युबाच्या घरापासून माझं घर म्हणजे अर्ध्या दिवसाची डोंगरवाट. पायात काटे, जीभ लोंबतेय, आणि शेपटी मात्र अशी हलतेय की मोठा पराक्रमच करून आलाय.

"आला बघा तुमचा जावई," तुदा म्हणाली. ही माझी बायको. चाळीस वर्षं कुत्र्यांबरोबर मलाही सांभाळलंय, त्यामुळे जीभ तिखट.

मी कंटाळलोय हो. कुत्र्यांना नाही, माणसांना. मेंढ्यांच्या राखणीची कुत्री तयार करण्यात माझा जन्म गेला. पिल्लू दुधावर असतानाच मेंढ्यांत सोडायचं, फार लाड नाही, उगाच मार नाही. कुत्रं वर्षात शिकतं. मालकाला शिकवायला मात्र आयुष्य पुरत नाही. अमलालला नेताना युबाला शंभरदा बजावलं होतं, "बाबा रे, पहिले आठ दिवस स्वतः मेंढवाड्यात झोप. तुझ्या हातानं खायला घाल. जवळ आला की हात उगारू नकोस." त्यानं नंदीबैलासारखी मान डोलावली आणि घरी जाऊन चहा पीत बसला. भाकरी त्याची बायको भिंतीवरून फेकायची.

दुपारी युबा आला. खांद्याला बंदूक.

"हद्दूकाका, चार दिवसांनी डोंगरावरचं कुरण चराईला उघडतंय," तो खाली बसत म्हणाला. "मागच्या खेपेला हा पळाला आणि कोल्ह्यांनी दोन कोकरं नेली. वर तसं झालं तर अर्धा कळप जाईल. पळपुटं कुत्रं काय कामाचं? आजच निकाल लावतो."

"परत नेलास की काय करतोस त्याला?"

"काय करणार? बदडतो."

"म्हणजे तुझ्याकडे येणं म्हणजे मार, हेच शिकवलंस."

"आणि इथे आला की काय मिळतं त्याला?"

मी काही बोलायच्या आत तुदानं सांगितलं, "ताकात कुस्करलेली भाकरी. मला सुद्धा कधी कुस्करून दिली नाही."

युबा हसला नाही. "शिवाय ते तुमचं फडकं. जुन्या झग्याचा तुकडा दिला होतात ना? अजून त्याच्यावरच झोपतो. दुसऱ्या कशावर पाठ टेकत नाही."

नव्या घरी पिल्लानं रडू नये म्हणून मी प्रत्येकाबरोबर माझ्या झग्याचा तुकडा देतो. आठ दिवसांनी तो काढून मालकाच्या कपड्याचा ठेवायचा, हेही सांगतो. युबाला सांगितलं नव्हतं. विसरलो म्हणालो असतो तर खपलं असतं. पण विसरलो नव्हतो. असा कुत्रा माझ्या हातून पुन्हा व्हायचा नाही, हे मला ठाऊक होतं, आणि त्यानं मला विसरू नये असं वाटत होतं. म्हातारपणी माणूस असा लोचट होतो. माझ्या लोचटपणापायी त्याचा जीव जायची वेळ आली होती.

"तीन दिवस दे," मी म्हणालो. "त्याला नाही, तुला शिकवतो."

तुदानं बंदूक काढून घेतली. तीन दिवस युबा माझ्या मेंढवाड्यात राहिला, अमलालशेजारी मेंढ्यांच्या वासात झोपला, हातानं भाकरी भरवली, काटे काढले. मी तिकडे फिरकलो नाही. घरात बसून अमलालचं कुईकुई ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी ते थांबलं. मला बरं वाटायला हवं होतं.

चौथ्या सकाळी ते निघाले. युबाच्या खांद्यावर त्याचाच झगा, रात्री अंथरलेला. वळणापर्यंत कुत्रा नीट गेला आणि मग मागे वळून धावत आला. माझ्या पायांशी उभा राहिला, शेपटी हलवत.

मी खाली वाकलो. त्याला वाटलं, कुरवाळणार. मी दगड उचलला.

आजवर एकाही कुत्र्यावर मी दगड उगारला नव्हता. आज फेकला, तो त्याच्या पुढच्या पायाला लागला. अमलाल ओरडला नाही, नुसता बघत राहिला. मी दुसरा उचलला. तेवढ्यात वळणावरून युबानं हळूच हाक मारली, जशी तीन दिवस मारत होता तशी. कुत्रा लंगडत त्याच्याकडे गेला. युबानं गुडघे टेकून त्याला जवळ घेतलं. शिकला बेटा.

शरदात कळप खाली उतरले. युबाचा कळप माझ्या भिंतीजवळूनच गेला. एकही कोकरू कमी नव्हतं, असं त्यानंच लांबून सांगितलं. अमलाल मेंढ्यांच्या कडेनं चालत होता. माझ्या दाराशी आल्यावर तो पलीकडच्या बाजूला गेला आणि घर मागे पडेपर्यंत तिकडूनच चालला.

"हाक मारा की एकदा," तुदा म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"नको," मी म्हणालो. भाकरीचा तुकडा मुठीत धरला होता, तो तसाच खिशात ठेवला.