शांतम्माची सावली

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या. आजचं आख्यान पुराणातलं नव्हे, आपल्या लातुरातलंच आहे.

सौदामिनी तिथल्या एका क्लासात बायोलॉजी शिकवायची. रक्तातली साखर पेशीत शिरते ती इन्सुलिनच्या हुकमानं, हे तिनं फळ्यावर हजारदा लिहिलं असेल. घरी मात्र लग्नाला सहा वर्षं होऊन कूस उजवली नाही, म्हणून सासूबाईंनी, उमादेवींनी, तिच्यामागं आठवड्याला तीन उपास लावले होते. उपास कसले, साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा शिरा, वर केळी, म्हणजे पोटात जाऊन सगळी साखरच. पाळी तीन-तीन महिने येईना, मान काळवंडली, हनुवटीवर राठ केस आले. शेवटी ती आपली आपणच तपासणीला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीर इन्सुलिनचा हुकूम ऐकेनासं झालंय. म्हणून इन्सुलिन जास्तच तयार होतं आणि स्त्रीबीज पिकणं अडतं. चालणं, जेवणातला बदल, औषध यांनी पुष्कळ जणींना गुण येतो. नवऱ्यालाही तपासून घ्या.

रोज फळ्यावर लिहिलेलं तिला स्वतःच्या ताटात दिसलं नव्हतं.

पुढच्याच सोमवारी नणंदेचं, मृण्मयीचं डोहाळजेवण होतं. बायका जमल्या, तशी उमादेवींनी खिचडीची ताटली सौदामिनीच्या हातात दिली.

"तू आतच बस बाई. ओटी भरताना वांझेची सावली नको. मी न्हाई, लोक म्हनतेत."

सौदामिनीला तिची आत्या आठवली, शांतम्मा. तशीच काळवंडलेली मान, मूल नाही म्हणून नवऱ्यानं टाकलेली. घरात बाळंतीण, म्हणून सख्ख्या भावानं तिला गोठ्यात पत्र्याखाली निजायला धाडलं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे दगडमातीचं घर बसलं, सौदामिनीचे आईबाप आतच गेले, पत्रा तेवढा उभा राहिला. त्याच वांझेनं नखं तुटेस्तोवर माती उपसून सहा वर्षांच्या सौदामिनीला बाहेर काढलं, वाढवलं, शिकवलं. तिची साखर कधी कुणी तपासली नाही. पन्नाशीच्या आत गेली.

सौदामिनीनं ताटली खाली ठेवली आणि ती बाहेर आली.

"आई, उपास सुटला माझा. देवानं मला वांझ म्हटलं न्हाई, मानसांनी म्हटलं. हा आजार हाय, त्याला औषध हाय. लेकरू होईल, न होईल. पन मी आज जित्ती हाय ती एका वांझेच्याच सावलीत."

"क्लासातली बाई, इथंबी शिकवायली," कोपऱ्यातून नीलाबाई शेजारीण पुटपुटली.

"हाव काकू, अन् फीबी घेत न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं. पाटावरच्या मृण्मयीनं तिच्यापुढं पदर पसरला. "वहिनी, पहिली ओटी तूच भर."

उमादेवींनी तोंड फिरवलं. पण खण-नारळाचं ताट काही ओढून घेतलं नाही.

मायबाप, कीर्तन संपलं की आपण एकमेकांच्या पाया पडतो, समोरच्यात देव आहे म्हणून. तो त्या गोठ्यातही होता. कुणा बाईला ओटीपासून उठवायला जीभ वळवळली, तर क्षणभर थांबा, आणि पत्र्याखाली निजलेल्या शांतम्माची आठवण ठेवा.