अंगठ्याची गाठ

बायनाबाईच्या घरकुलाच्या खिडकीला तीन वर्षांपासून नुसते गज होते. त्याआधी दर दिवाळीच्या सुमाराला तिथे धानाच्या लोंब्यांची झालर लटकायची, आणि ती विणायचा तिचा नवरा बिरजू. अहेरीच्या रस्त्यावरच्या त्या गावात एकेकाळी घरोघरी झालरी असत, पण बिरजूची झालर बघायला माणसं वाट वाकडी करून येत. चिमण्या तर पत्ता विचारून आल्यासारख्या नेमक्या तिथेच उतरत. हळूहळू बाकीच्या गावाने प्लास्टिकची तोरणं आणली. मग बिरजू गेला, आणि चिमण्यांनीही येणं सोडलं.

यंदा दिवाळीच्या सुटीत तिच्या मुलाने, सुनिलने, दोन्ही लेकरं वरोऱ्याहून आणून सोडली आणि उभ्या उभ्या चहा पिऊन तो परत गेला. सुनिल बसलाच तर मोबाइल चार्ज व्हायची वाट बघायला. बापाजवळ बसून झालर शिकायला त्याला कधी सवड झाली नव्हती.

नातीचं नाव चंचल, चौथीतली. तिने आल्या आल्या दप्तर उघडलं.

"आजी, मॅडमनं सांगतलं, खिडकीत लावाले पानाफुलाचं काही बनवून आणा. मी आबाची झालर बनवतो."

"मले कुठी येते ते?"

"तू तं दरवर्षी पाहत होती!"

हे खरं होतं. चाळीस वर्षं पाहिलं होतं. तीन-तीन काड्या घ्यायच्या, लोंब्या खाली सोडायच्या, वेणी घालत जायची, सगळं आठवत होतं. आठवत नव्हती ती फक्त सुरुवातीची गाठ. ती नसली की वेणी कितीही घट्ट घाला, उचलली की सुटते. आपल्या माणसाबरोबर त्याची गाठही गेली, आणि आपण जवळ बसून ती जाऊ दिली, हे तिच्या मनाला फार लागलं. लेकरं पाच दिवसांनी परत जाणार होती. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर ही झालर कायमचीच संपणार होती.

दुसऱ्या दिवशी तिने गेल्या वर्षीची तणस काढली. जुन्या काड्या पापडासारख्या मोडल्या. नवं धान तर बांधाशी उभं होतं, पण गावाचा नवा व्हायचा होता. देवाला आणि वाडवडिलांना नवं धान दाखवून तो सण झाला, की मग माणसाने त्यातला घास घ्यायचा. यंदा गावात एक मयत झालं म्हणून सण लांबला होता, पार लेकरं गेल्यावर तीन दिवसांनी. तोवर नव्या धानाला हात लावायचा नाही, असं बायनाबाई लहानपणापासून धरून चालली होती.

वरोऱ्याच्या पोरीला हे कोण सांगणार? तिसऱ्या दुपारी चंचल कवळाभर हिरवट-पिवळं धान उपटून घेऊन आली. मागे तिचा पाच वर्षांचा भाऊ इसरू, दोन लोंब्या झेंड्यासारख्या धरून.

"घे आजी! हे नाई मोडत."

बायनाबाईने हातातलं काम टाकलं. "अवो पोरी, नवा नाई झाला अजून! काय केलं हे?"

चंचलचा चेहरा पडला आणि डोळे भरले. बायनाबाईने धान घरातही घेतलं नाही आणि टाकलंही नाही. ओट्यावर ठेवलं, दोघांना धरलं आणि गावचा गायता देवाजी, जो सगळ्यांचं देवाचं करतो, त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

देवाजी खाटेवर बसून दोर वळत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"खाल्लं का कोणी?"

"नाई, भाऊ."

"तुह्या कोंबडीनं?"

"मस्करी नोका करू भाऊ. माह्या जीवाले घोर लागला."

"मस्करी कायची? माणसानं खाल्लं तं नवा मोडते, बाई. पाखरं महिनाभरापासून वावरात खाऊन राह्यले, त्यायले कोण अडवलं? झालर पाखराचीच असते. पहिली देवाची, ते नव्याच्या दिवशी देवाच्या ठाण्यावर बांधजो. दुसरी तुह्या खिडकीत." मग तो लेकरांकडे वळला. "अन् तुमी! एक दाणा तोंडात गेला नाई पाहिजे."

इसरूने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि घर येईपर्यंत काढलं नाही.

धान मोकळं झालं, गाठ अडलेलीच राहिली. ओट्यावर बसून चार वेळा वेणी घातली, चारही वेळा सुटली. शेवटी चंचल वैतागली.

"आबा काड्या कशाले बांधत होता, आजी?"

"कशाले काय, माह्या अंगठ्याले!" बायनाबाईला हसूच आलं. दरवर्षी बिरजू म्हणायचा, पाय दे. ती करवादायची, घरात खुंटी नाई का? तो म्हणायचा, खुंटी गोष्टी नाई सांगत. मग ती भिंतीला टेकून सुपातले खडे वेचत गावभरच्या गोष्टी सांगायची आणि पाय त्याच्या मांडीवर असायचा. नजर सुपात. गाठ दिसणार कशी?

तिने पाय लांब केला. चंचलने काड्या अंगठ्याला गुंडाळल्या.

"असं नाई. खालून घे. हां, आता दोन बोटाच्या मधून काढ. अजून एक येढा. ओढ. अजून ओढ."

डोळ्यांनी कधी न पाहिलेली गाठ पायाला पाठ होती. काड्या अंगठ्यात रुतल्या, अगदी तशाच, तिथेच. बायनाबाईच्या डोळ्यांना धार लागली.

"दुखलं का आजी?"

"दुखू दे. तसंच ओढ."

गाठ बसली. पहिली झालर वाकडी झाली, दुसरी बरी. शनिवारी खिडकीत लागली, रविवारी लेकरं बसने गेली. चिमणी काही फिरकली नाही. नव्याच्या दिवशी बायनाबाई ठाण्यावर झालर बांधून आली, तेव्हा खिडकीत दोघी जणी लोंब्यांना उलट्या लटकून भांडत होत्या.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. चंचलने शाळेच्या झालरीसाठी रस्त्याकडेचं तुऱ्याचं गवत आणलं होतं. मोबाइल हलला आणि फरशीवर पाय पसरून बसलेला सुनिल दिसला. त्याच्या अंगठ्याला गवत बांधलेलं.

"आई, लय ओढते वो ही पोट्टी."

"बसून राह्य. हलू नोको."

"बरं. तवर तू काही सांग ना, आई."

बायनाबाईने भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केला आणि सांगायला सुरुवात केली.