वाघ, चंद्र, वड आणि भोंगा

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात, सुरतेत, लिंबायतच्या चाळीत चिंधा सकाळी गेला आणि दुपारपर्यंत त्याचा वाघ झाला.

"मना वाघ गया वं माय!" रंभाबाईने हंबरडा फोडला. ती चिंधाची थोरली बहीण. आजारी भावाला बघायला अमळनेरहून आलेली.

दाराशी बसलेले हिलाल गुरुजी शेजारी बसलेल्या दगाला हळूच म्हणाले, "वाघासारखा नाही, वाघच. रूपक."

शिकवायची सवय, मयतातही सुटत नाही.

चिंधाची बायको धुरपदा उशाशी बसून ऐकत होती. वाघ? उंदीर दिसला की हा खाटेवर चढायचा. तिला ना हसू आलं, ना रडू. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याही कुणा दुसरीच्या वाटत होत्या.

"मना चांद बुडना वं!"

रंगाने तो तव्याच्या जवळचा होता.

"वडनं झाड पडनं, आख्खी सुरत उन्हात पडनी वं!"

"अतिशयोक्ती," गुरुजी म्हणाले.

सावली पडायला उंची तरी हवी, धुरपदाला वाटलं. पाण्याचा हंडा उघडाच राहिला होता. झाकायला हवा.

रंभाबाईने तिला कोपर मारलं. "रड ना वं! आते तिरडी उचलतीन. गावमा जाईसन काय सांगू? नवरा गया नि बायको दगडसारखी बठेल व्हती?"

"उपमा," गुरुजी पुटपुटले. या वेळी दगाने त्यांना चिमटा काढला.

धुरपदाने तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रंभाबाईच्या चेहऱ्यावर गावाला सांगायची गोष्ट तयार होऊ लागली.

माणसं तिरडीला हात घालणार, तोच मिलच्या दुपारपाळीचा भोंगा झाला.

मागांच्या खडखडाटाने चिंधाचे कान कधीच गेले होते. भोंगा त्याला ऐकू यायचा नाही; रोज धुरपदाच त्याचा भोंगा. ती सवयीने वाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडली, "भोंगा वाजना वो! उठा!"

चाळ ढसाढसा रडली. रंभाबाईने तिला छातीशी धरलं. दगाने डोळे पुसत विचारलं, "गुरुजी, हा कोणता अलंकार?"

गुरुजी नाक शिंकरत होते.

धुरपदा मात्र तशीच वाकून राहिली. यावर तो रोज म्हणायचा, "वरडस कसाले? मी काय बहिरा शे?"

तेवढ्यासाठी ती थांबली होती.