खिडकीचा डावा कोपरा

हे कुणालाच खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. त्या वर्षी पानगळीत दाभणनं बापाच्या खोलीची खिडकी अशी काही बुजवली, की आत अडकलेला उन्हाळा बाहेर पडायची वाट शोधत भिंतींना धडका देत होता. रस्त्यावर लोक तोंडातून वाफा काढत चालले होते आणि आत म्हातारा बनियनवर बसून माशा वारत होता. हसू नका. आगाराच्या कॅन्टीनमध्ये आपली माणसं बसलीत म्हणून सांगतो. बाहेर कुठं बोललो नसतो.

दाभण म्हणजे आपल्या आगारात बसच्या सीटा शिवायची ती. रेक्झिन, काथ्या आणि वीतभर लांबीची जाड सुई एवढ्यावर तिनं जन्म काढला. त्या सुईला म्हणतात दाभण, आणि तिची जीभही त्याच कारखान्यातली, म्हणून तिलाही तेच नाव पडलं. पण हात! एकदा एक बस खड्ड्यात गेली. चाकं एकीकडे, टप दुसरीकडे, उतारू झाडावर. दाभणनं शिवलेल्या सीटा मात्र जिथल्या तिथं. टाका उसवलेला नाही. शेवटच्या सीटवर एक बाई अजून घोरत होती.

तिनं लग्न केलं नाही. घरी म्हातारा बाप, धाकटा भाऊ आणि भावजय. घर रानाच्या अगदी कडेला. वर्षाची सगळी रजा ती पानगळीसाठी साठवायची. लोक रजेत गावं बघतात, ही छपराच्या पन्हळीतली पानं काढायची, रजया उन्हात घालायची, लाकडं रचायची. अंगणातल्या पानांचा ढीग तर असा, की एकदा तिचा भाऊ त्यात हरवला. शिंकला म्हणून सापडला.

आणि दुपार झाली, की कामं टाकून बापलेक रानात. म्हातारा पुढं, ती मागं. फार बोलायची नाहीत. म्हातारा मधेच काठी उचलायचा, म्हणजे थांबायचं. पान फांदीवरून सुटतं तेव्हा बारीकसा आवाज होतो असं त्याचं म्हणणं. दाभणला तो कधी ऐकू आला नाही, पण ती थांबायची.

त्या वर्षी म्हाताऱ्याच्या छातीनं दगा दिला. तो अंथरुणाला खिळला आणि दवाखान्यातली सिस्टर घरी आली. तरणी, नवीन, बोलायला सरळ. तिनं छाती तपासली, मग खोली तपासली. खिडकीपाशी हात धरला.

"आजोबा, हिवाळ्यात इथं नाही राहायचं. दवाखान्यात खाट देते."

"मी नाही यायचा."

"इथं वारा येतोय. एक थंडी बसली छातीवर, की संपलं."

"वारा बंद केला तर?" दाभण दारातून म्हणाली.

सिस्टरनं खिडकीकडे पाहिलं. जुनी चौकट, लाकूड आक्रसलेलं, काच सैल. "करून बघा. आठवड्यानं येते. फटींपाशी पीस धरून बघणार. हललं, तर मी गाडी बोलावणार. मग रडारड चालायची नाही."

"आमच्याकडे रडायला कुणाला सवड आहे?" दाभण म्हणाली आणि हत्यारांची पेटी काढली.

रेक्झिनच्या लांब नळ्या शिवून त्यात तिनं काथ्या ठासला आणि चौकटीच्या कडेनं बसवत गेली. नळ्या अजगरासारख्या दिसायच्या. त्यातल्या एकानं मांजर गिळलं असं शेजारी सांगतात. मी ते पाहिलं नाही, म्हणून सांगणार नाही. काथ्या संपल्यावर ती भावजयीला घेऊन रानातून वाळलं शेवाळ आणायला गेली.

"वन्सं, खिडकीच भरताय ना? की रानच घरात आणायचंय?" भावजयीचे दोन्ही हात भरले होते.

"तोंडाऐवजी पिशवी उघड."

"तुमचे बाबा तिकडे उकडतंय उकडतंय करतायत आणि आम्ही इथं गारठतोय."

"चालतेस तरी. तो तेवढ्यासाठी तळमळतोय."

परत येताना भावजयीनंच एक मोठं तांबडं पान उचलून सासऱ्यासाठी पदराआड धरलं.

म्हातारा वाटच बघत होता. "आज काय?"

"ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाचं अर्धं झडलं."

"कुठल्या अंगाचं?"

"वाऱ्याच्या."

"मग दुसरं अंग आहे अजून. घाई नाही त्याला." त्यानं पान हातात घेतलं आणि कानाशी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातली नळी उसवलेली होती. दाभणला वाटलं उंदीर. तिनं शिवली. परत उसवलेली. तिनं दुहेरी दोरा घातला, मेण लावलं, अशी शिवली की बैल जुंपून ओढली तरी सुटू नये. सकाळी परत तेच! जिच्या टाक्यानं खड्ड्याला हार मानायला लावली, तिचा टाका कोण उसवतंय? तिनं अंथरूण झाडायला घेतलं आणि उशीखालून काथ्याचा चेंडू घरंगळत बाहेर आला.

"बाबा!"

म्हातारा छताकडे बघत होता.

"उद्या ती येणारेय. पीस हललं तर तुम्हाला उचलून नेतील. कळतंय का?"

"कळतंय की."

"मग हे काय?"

"काही ऐकू येत नाही गं." तो वळला. त्याला दम लागला होता. "पानं पडतायत ना बाहेर? पडतच असतील. मला कसं कळणार? तू मला घरात ठेवायला एवढं करतेस, पण घर कुठं राहिलं? पेटीत घातल्यासारखं वाटतं."

दाभण काथ्या हातात धरून उभी राहिली. तिला सीटा शिवता येत होत्या. सीटवर बसणारा कधी बोलत नाही. ती अंगणात गेली, पानं लोटायला लागली, आणि लोटलेलीच पानं पुन्हा लोटत बसली. भाऊ म्हणाला, "ताई, तो कोपरा मी खिळ्यांनी ठोकून टाकतो. त्याला काय समजतंय आता?"

"त्यालाच समजतंय," ती म्हणाली. "हात लावशील तर याद राख."

आत येऊन तिनं डाव्या कोपऱ्यातली नळी स्वतःच्या हातानं कापली. बोट जाईल एवढी जागा सोडली आणि कडा सुबक दुमडून शिवली, जणू ती फट मुद्दाम मागवून घेतलेली. म्हाताऱ्याची खाट तिकडे सरकवली. तो भिंतीला कान लावून झोपला, आणि त्या दुपारी खोकला कसा तो नाही.

सिस्टर आली. सगळे रांगेत उभे. तिनं उशीतून एक पीस उपटलं आणि उजवीकडून सुरुवात केली. पीस निश्चल. वरच्या कडेला निश्चल. भावजय भावाचा दंड धरून. दाभण मान ताठ ठेवून उभी होती, पण सिस्टर डाव्या कोपऱ्याशी पोचली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. सबंध हयातीत तिनं स्वतःच्या कामाकडे पाठ फिरवली नव्हती, तेवढी एकदाच.

आणि मंडळी, इथंच तर गंमत आहे! पीस हललं नाही. बोटभर फट, बाहेर सोसाट्याचा वारा, पण तो वारा त्या फटीपाशी आला, दाभणनं दुमडलेली कड पाहिली, आणि इतक्या सुंदर कामातून आत घुसायची त्याला लाज वाटली. मागं फिरला. पीस असं उभं, जसं दगडात कोरलेलं. सिस्टर म्हणाली, ठीक आहे, राहू दे घरी. आणि म्हातारा तो अख्खा हिवाळा आपल्या खाटेवर, रान ऐकत—

"खोटं."

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसची वाट बघत बसलेली एक बाई बोलली. केस पांढरे, मांडीवर पिशवी. तिचा चहा कधीचा निवला होता.

"पीस चांगलं नाचत होतं. माझ्याच हातात होतं, मला नाही कळणार? मी अंगातला कोट काढला, त्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवला आणि तसाच विसरून निघून आले. ऐकायचं असेल तेव्हा म्हाताऱ्यानं बाजूला करावा, झोपताना ओढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी तुमची ती दाभण कोट घडी करून दवाखान्यात घेऊन आली. मी थंडीनं कुडकुडत होते. म्हटलं, हा माझा नाहीच."