राखाडी स्वेटरची चीर

“छातीपर्यंत चीर ठेव बाई. आपल्या माणसाला देव बाहेर काढायचा असतो.”

लक्ष्मम्मांना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण महेश्वरीनं सुया हातात घेतल्या की सासूचा तो आवाज कानाशी येऊन बसायचा. देव म्हणजे इष्टलिंग. सासरे शंकरप्पा ते चांदीच्या करडगीत, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या छोट्या डबीत, ठेवून गळ्यात वागवत आणि रोज पहाटे आंघोळीनंतर डाव्या तळहातावर घेऊन पूजत. उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बंद गळ्याचा स्वेटर दुसऱ्यानं अंगात चढवून द्यायचा, तर ते म्हाताऱ्याला मान्य नव्हतं.

“पूजेआधी मला कुणी हात लावायचा न्हाय. ज्या दिवशी देव दुसऱ्याच्या हातानं काढावा लागंल, त्या दिवशी म्या पूजा सोडीन,” एवढं बोलून ते नुसती शाल पांघरून पाटावर बसू लागले. शाल घसरायची, थंडी छातीत शिरायची, मग दिवसभर खोकला.

म्हणून महेश्वरीनं उमरग्याच्या बाजारातून राखाडी लोकर आणली. चीर तिनं मधोमध न ठेवता जरा डावीकडं घेतली. एका हातानं स्वेटर अंगात जावा आणि त्याच हातानं करडगी बाहेर यावी. कितीदा टाके चुकले, कितीदा उसवलं. मदत कुणाची मागितली नाही आणि कुणाला काही सांगितलंही नाही.

सोमवारी तिचं मौन असे. पहाटेपासून संध्याकाळच्या पूजेपर्यंत तोंडातून शब्द नाही. लग्नानंतर धरलेलं व्रत, बाळंतपणातही मोडलं नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी जप आटोपून ती ओसरीवर येताना उंबऱ्यातच थबकली. धाकटी जाऊ शिवांजली पाय पसरून बसली होती. मांडीवर तो स्वेटर. चिरेच्या मुळापर्यंत उसवून तिनं पुढचा भाग सलग विणत आणला होता. मोबाईलवर बघून शिकलेली पोर, पण हात मशिनीसारखा चालायचा.

“अक्का, मोठी चूक झाली होती बघा तुमची,” ती कौतुकानं म्हणाली. “समोरच वाकडी चीर पडली होती. सगळं काढलं मी. तुम्ही निवांत जप करा.”

महेश्वरीनं हात वर करून खूण केली, थांब. शिवांजलीला तो आशीर्वाद वाटला. महेश्वरी आत गेली आणि तिनं पातेलं आपटलं.

“दूध उतू गेलं का, अक्का?”

तिनं दुसरं पातेलं आपटलं.

“मांजर शिरलंय वाटतं आत.”

एक शब्द बोलली असती तर सुया थांबल्या असत्या. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. व्रताच्या बाईनं तो गिळला, आणि मग तिच्या हातून एकही भाकरी धड थापली गेली नाही.

संध्याकाळी पूजा झाली, कपाळाला भस्म लागलं आणि महेश्वरी बाहेर आली. तोवर शिवांजलीनं खांदे आणि बाह्या जोडून, गळा बंद करून स्वेटर घडी घालून ठेवला होता. महेश्वरीचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. उलट इतका खाली गेला की शिवांजली दचकली.

“कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणी नाही. चूक दिसली, नीट केली.”

“दुसऱ्याचं विणलेलं उसवताना हात कसा धजला तुझा? विचारायचं होतंस.”

“कुणाला विचारू? सोमवारी तुम्हाला विचारण्यापेक्षा भिंत बरी. आणि इतर दिवशी तरी काय सांगता? माझं वरण खारट झालं की गल्लीभर होतं. तुमचं विणकाम तेवढं गुपित.”

“जीभ लई चालते तुझी.”

“सहा दिवस तुमचीही चालते की.”

“आणा ते इकडं,” बाजेवरून शंकरप्पा म्हणाले. “घालून तरी बघू द्या.”

महेश्वरी नको म्हणेपर्यंत त्यांनी आखडलेला हात बाहीत सरकवला होता. मग डोकं घातलं. गळा कानांवर अडकला. डावा हात आत चाचपडू लागला, वरून शिरेना, खालून पोहोचेना. करडगीचा दोरा लोकरीत कुठंतरी गुंतला आणि आतून खोकल्याची उबळ आली. दोघी जावा धावल्या.

“हात लावू नका,” लोकरीच्या आतून आवाज आला.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. कितीतरी वेळानं ते स्वतःच बाहेर निघाले. धाप लागलेली, पांढरे केस उभे, मूठ करडगीवर आवळलेली.

“ती चीर देवासाठी होती?” शिवांजलीनं हळूच विचारलं.

तिचा चेहरा पार उतरला. ते बघून महेश्वरीचं मन निवायला हवं होतं, पण राग जास्तच पेटला, आणि आता तो एकट्या शिवांजलीवर राहिला नव्हता.

“मोठ्या सूनबाई,” शंकरप्पांनी विचारलं, “दुपारी तू बघितलं न्हाईस का हिला विणताना?”

“बघितलं, मामा.”

“मग?”

“मौन होतं माझं.”

“पातेल्यांचं नव्हतं वाटतं.”

शिवांजलीनं घाईनं तोंडाला पदर लावला आणि ती चुलीकडं निघून गेली. महेश्वरीला हसू आलं नाही.

“मला वचन दे,” म्हातारा म्हणाला. “हे उसवशील ते हिला शेजारी घेऊन. चीर कुठं, कशापायी, समदं सांगून. एकटीनं विणलेलं म्या अंगात घालायचो न्हाय.”

“आज मला तिचं तोंड बघवत नाही, मामा.”

“राग सोड म्हणलो का म्या? रागानं बस.”

“दिलं वचन,” महेश्वरी शेवटी म्हणाली. तेही दात आवळूनच.

मग तिनं स्वेटर उचलला, कात्री घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. शिवांजली पाठमोरी बसून कणीक मळत होती. महेश्वरी तिच्या शेजारी पाट ओढून बसली, गळ्याची गाठ शोधली, कापली आणि लोकरीचं टोक तिच्यापुढं धरलं.

“हात धू,” ती म्हणाली. “आणि हे सैल गुंडाळत जा.”