स्फटिकातलं पाणी

तुरटीचा खडा — कडा झिजून गोल झालेला, ओल्या कोनाड्यात पडूनही कोरडाच्या कोरडा — हनुवटीवरच्या रक्ताच्या थेंबावर टेकवताना उल्हासच्या मनात सहज आलं, की हा दिसतो दगडासारखा, पण याच्या पोटात पाणी आहे... नववीच्या बाईंनी परीक्षानळीत तापवून दाखवलं होतं, वरच्या थंड काचेवर थेंब जमले होते, स्फटिकजल म्हणतात त्याला... आणि खडा हातातून निसटून बेसिनमध्ये पडला.

ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकातही प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात! त्यांच्या वजनाचे छत्तीस त्याने काल धरलेच नव्हते. रेणुभार एकशे सव्वीस म्हणायच्या जागी नव्वद म्हणाला होता, तेही छातीठोकपणे. आणि त्याची मुलगी कादंबरी बारावीच्या रसायनाचं प्रॅक्टिकल द्यायला कधीच निघून गेली होती. शाळेत चालत नाही म्हणून तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

"पाव लिटर द्रावण, दशांश मोलर... किती ग्रॅम घ्यायचं, बाबा?" एवढंच तर तिने विचारलं होतं. पण दिल्लीतल्या द्वारकेचा क्लास लागल्यापासून वर्षभर ‘हं’ आणि ‘ओके’ यांपलीकडे न बोललेली मुलगी वही घेऊन समोर बसते म्हटल्यावर, फायलींवर शेरे मारून मारून गंजलेला त्याच्यातला बी.एस्सी. खडबडून जागा झाला. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला ढीग. लिटरात एक मोल म्हणजे एक मोलर. पाव लिटरात दशांश मोलर करायचं तर मोलाचा चाळिसावा भाग पुरे. नव्वद भागिले चाळीस — सव्वादोन ग्रॅम! मग चहाच्या कपात साखर घाल, पाणी ओत, पुन्हा साखर घाल, असं करत त्याने संहती समजावली. तो कप शेवटी त्याच्या बायकोने, विजयालक्ष्मीने, निमूट पिऊन टाकला.

"अहो, आता काय शाळेत जाऊन तिच्या भांड्यात चमचाभर घालून येणार?" तीच विजयालक्ष्मी आता पोळ्या लाटता लाटता म्हणाली. तिचा शांतपणा त्याला निर्दयच वाटला. त्याने स्कूटर काढली.

शाळेच्या फाटकापाशी मात्र त्याची दातखीळ बसली. ऑक्झॅलिक आम्लाचं दुखणं गार्डला हिंदीतून सांगायचं कसं? त्याच्या तोंडून कसंबसं "बेटी... पानी..." एवढंच निघालं.

"पानी अंदर है, साहब," गार्ड समजुतीने म्हणाला. "टिफिन हो तो छोड़ जाइए."

अंदर आहे, तेच तर... पण टिफिनही नव्हता.

ऑफिसात दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलीच्या गुणांचं पाणी झालं, आणि ते आपण केलं. यापुढे ती काही विचारायला येणार नाही, हे तर त्याहून मोठं दुःख. कॅन्टीनची कढी पातळ लागली, तीही त्याला आपलीच चूक वाटली.

संध्याकाळी कादंबरी आली आणि दप्तर टाकून सरळ चिवड्याच्या डब्याकडे वळली. त्याने दिवसभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "माझं चुकलं गं, नव्वद नव्हे—"

"एकशे सव्वीस," ती तोंडात बकाणा घेऊन म्हणाली. "तीन पॉइंट एक पाच घेतलं मी. मस्त झालं."

"म्हणजे तुला काल माहीत होतं?"

"बाबा, यार, क्लासमध्ये दहा वेळा झालंय ते."

"मग बोलली का नाहीस?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तू इतका खुश होतास ना... और मुझे भी अच्छा लग रहा था. म्हटलं, चालू दे."

स्वयंपाकघरातून विजयालक्ष्मीच्या हसण्याचा आवाज आला. म्हणजे तिलाही माहीत होतं. उल्हासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि किती काय चालू दिलं असेल या दोघींनी — आपलं गाणं, आपले नोएडाचे शॉर्टकट, आपला तो इन्कम टॅक्सवरचा अधिकार... मग एकदम त्याला लख्ख दिसलं: उत्तर माहीत होतं, तर ही काल वही घेऊन आलीच कशाला? प्रश्न अगदी जिभेवर आला. त्याने तो गिळला. लाज वाटत होती, आणि फार बरं वाटत होतं.

"बाबा, पीएच समजाव ना," ती हात झटकत म्हणाली.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खरंच येत नाही, की... काही कळेना. त्याने खुर्ची ओढली.

"चुकलो तर लगेच सांगायचं."

"बिल्कुल," कादंबरी म्हणाली, आणि त्याचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. त्याने चहाचा कप जवळ घेतला.